सामर्थ्याची निवड

बारा वर्षांचा वनवास सरला आणि अज्ञातवासाचे तेरावे वर्ष उंबरठ्यावर येऊन ठेपले, तेव्हा पांडवांपुढे एक विलक्षण प्रश्न उभा राहिला. कोणी ओळखू नये अशा रीतीने वर्षभर परक्या नगरीत राहावयाचे होते. परंतु जे रूप घ्यावयाचे ते वर्षभर निभावताही आले पाहिजे होते. अशा वेळी त्यांनी मनास येईल ते सोंग घेतले नाही. फाशांच्या नादाने राज्य गमावलेला युधिष्ठिर विराट राजाच्या सभेत कंक या नावाने फाशांचाच जाणकार म्हणून गेला. भोजनप्रिय भीम बल्लव नावाचा आचारी झाला. अर्जुनाने बृहन्नडेच्या रूपाने राजकन्येस नृत्यगायन शिकविले. नकुल घोड्यांच्या पागेवर राहिला, सहदेवाने गाईंची खिल्लारे सांभाळली आणि द्रौपदी सैरंध्री होऊन राणीच्या सेवेस लागली. अंगी जे होते त्याच्याच आधाराने प्रत्येकाने आपले रूप निवडले. विदर्भातील लोकांना ही कथा फार जवळची वाटते. मेळघाटातील चिखलदरा म्हणजे मूळचा कीचकदरा. भीमाने कीचकाला मारून तेथल्याच दरीत लोटले, असे तिकडे सांगतात.

दुसऱ्याचे रूप घेऊन त्या रूपास साजेसा पराक्रम करावा, ही हौस मनुष्यास प्राचीन काळापासून आहे. कोकणातील दशावतार काय किंवा वैनगंगेच्या काठच्या झाडीपट्टीतील दंडार काय, तिचीच ही निरनिराळी दर्शने होत. आजच्या मुलांना ही हौस पुष्कळदा संगणकाच्या पडद्यावर भागविता येते. तेथे एकेकट्याने खेळावे लागत नाही. आंतरजालामुळे देशोदेशींचे हजारो लोक एकाच वेळी एका काल्पनिक नगरीत वावरतात आणि प्रत्येकाने आपला वीर आपणच घडविलेला असतो. अशा खेळांपैकी ज्याने महावीरांचा खेळ खऱ्या अर्थाने रूढ केला, तो 'सिटी ऑफ हीरोज' हा होय. अमेरिकेतील क्रिप्टिक स्टुडिओज या संस्थेने तो रचला व एनसीसॉफ्ट या कंपनीने एप्रिल २००४ मध्ये प्रसिद्ध केला.

या खेळातील नगरीचे नाव पॅरागॉन सिटी. परग्रहावरून आलेल्या शत्रूंशी तिचे घनघोर युद्ध होऊन गेले आहे आणि त्या युद्धात उभारलेल्या तेजाच्या उंच भिंतींनी नगरीचे वेगवेगळे विभाग पाडले आहेत, अशी कल्पना आहे. पृथ्वीचा गोल खांद्यावर पेलणाऱ्या अ‍ॅटलासचा एक प्रचंड पुतळा तेथे आहे. नव्याने आलेले पुष्कळसे वीर त्याच्या पायथ्याशी पहिले पाऊल टाकीत.

परंतु पाऊल टाकण्यापूर्वी वीर घडवावा लागे, आणि खरा विचार तेथेच करावयाचा असे. आरंभी वीरांचे पाच प्रकार होते. दूर उभे राहून ज्वाला, बर्फ किंवा वीज फेकणारा तो ब्लास्टर. त्याचा मारा जबर, पण अंग नाजूक. शत्रूच्या पुढ्यात जाऊन एकट्याने झुंजणारा तो स्क्रॅपर. सोबत्यांवरील प्रहार स्वतःच्या अंगावर ओढून घेणारा तो टँकर. टँकर म्हटले म्हणजे विदर्भातील माणसास उन्हाळ्यात पाणी घेऊन येणारी गाडी आठवावी हे साहजिकच आहे. येथे मात्र तो चालत्या बुरुजासारखा वीर असतो. उरलेले दोघे म्हणजे शत्रूला जागच्या जागी खिळवून ठेवणारा कंट्रोलर आणि सोबत्यांचे बळ वाढविणारा, त्यांच्या जखमा भरून काढणारा डिफेंडर. भारतीय युद्धातील उदाहरणच द्यावयाचे, तर अर्जुनाचा बाण दूरवर जाई आणि भीमाची छाती घाव सोशी. पण हाती शस्त्र न धरता रथ हाकणाऱ्या श्रीकृष्णाचे काम या दोघांहून निराळे होते. डिफेंडर हा त्या जातीचा वीर. त्याने किती शत्रू लोळविले हे मोजू गेल्यास आकडा लहान निघे. परंतु तो नसेल त्या दिवशी सर्वांचीच त्रेधा उडे.

हे पाच प्रकार आरंभापासून ठरलेले नव्हते. खेळाची रचना चालू असताना कोणत्याही वीराने कोणतीही शक्ती घ्यावी, अशी मोकळीक ठेवण्याचा क्रिप्टिकचा विचार होता. मोकळीक कोणास आवडत नाही? पण प्रयोग करून पाहिल्यावर निराळेच चित्र दिसू लागले. थोडी ज्वाला, थोडे बर्फ, थोडी ढाल, थोडे औषध असे सारेच चिमूट चिमूट घेणाऱ्यांचे वीर कोणत्याच कामास पुरेसे पडेनात. उलट हिशेबी खेळाडू ढाल व तलवार दोन्ही पूर्ण मिळवून असे वीर घडवीत, की त्यांना सोबत्यांची गरजच उरू नये. म्हणून प्रकार पाडण्यात आले. प्रत्येक प्रकारात एक गोष्ट उत्तम येईल, दुसरी बऱ्यापैकी येईल आणि तिसरीसाठी शेजाऱ्याकडे पाहावे लागेल, अशी ती योजना होती. एका तुकडीत आठ वीर घेता येत. खेळ रचणाऱ्यांनी केलेला हा बदल फार शहाणपणाचा होता, असेच म्हटले पाहिजे.

प्रकार ठरला तरी निवड संपत नसे. वीर पराक्रम करीत एकेक पायरी चढत जाई. अशा पायऱ्या आरंभी चाळीस होत्या, पुढे पन्नास झाल्या. शेवटच्या पायरीपर्यंत त्याला एकूण चोवीस शक्ती निवडता येत. प्रत्येक शक्तीला एक खण आपोआप मिळे. त्या खणात तिची धार वाढविणारी, नेम सुधारणारी किंवा तिला लागणारा दम कमी करणारी एखादी जोड बसविता येई. एका शक्तीला असे जास्तीत जास्त सहा खण असू शकत. म्हणजे आपोआप मिळालेल्या एका खणाखेरीज आणखी पाच. आता हिशेब करून पाहावा. चोवीसही शक्तींचे सर्व खण भरावयाचे तर एकशेवीस जादा खण हवेत. खेळात मिळत ते सदुसष्ट! जेमतेम तेरा शक्ती पूर्णत्वास जात आणि दोन खण उरत. बाकीच्या अकरा शक्ती अर्ध्यामुर्ध्या ठेवणे भागच होते.

आपल्या रंगासाठी नावाजलेली मिरची पिकविणाऱ्या भिवापुरातील शेतकऱ्यास हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. ज्या वाफ्यात मिरचीचे रोप लावले, त्या वाफ्यात त्याच हंगामात कापूस येत नाही. मिरचीला पाणी जास्त दिले तर दुसरीकडे तेवढे कमी पडते. सारे शेत सर्व पिकांनी भरून काढीन असे म्हणणाऱ्याच्या पदरी शेवटी काय पडते, हे तो जाणतो. या खेळातील जाणती मुले याच जमाखर्चाला 'बिल्ड' म्हणतात. मराठीत त्यास घडण म्हणावयास हरकत नाही.

आता या जमाखर्चातील सर्वांत मोहक बाब पाहू. ती म्हणजे संचाराची शक्ती. महावीर म्हटला की तो उडाला पाहिजे, अशी प्रत्येकाची कल्पना असते, आणि ज्या देशातील मुले समुद्र उल्लंघणाऱ्या मारुतीची कथा ऐकत वाढली, तेथे तर ती असणारच. खेळात संचाराचे चार मार्ग होते: उड्डाण, महावेग, महाउडी आणि अंतर्धान. अंतर्धान म्हणजे एका ठिकाणी दिसेनासे होऊन क्षणात दुसऱ्या ठिकाणी प्रगट होणे. परंतु आरंभीच्या वर्षांत यांतील कोणतीही शक्ती चौदाव्या पायरीपूर्वी मिळत नसे. तोपर्यंत महावीर झाला तरी त्याने पायीच धावावे! शिवाय सहाव्या पायरीपासून त्याच मार्गातील एक लहान शक्ती आधी घ्यावी लागे. तिच्याशिवाय पुढचे दार उघडत नसे. म्हणजे एका संचारासाठी चोविसांतील दोन जागा खर्ची पडत. त्या दोन जागांवर एखादी ढाल किंवा एखादा नवा प्रहार बसू शकला असता. उडण्याच्या हौसेपायी लढाईत उणे पडावयाचे, की लढाईत पुरे पडण्यासाठी नगरी पायी तुडवावयाची, असा तो पेच होता. बहुतेक जण संचार घेत. निव्वळ फायद्याच्या दृष्टीने पाहता तो नेहमीच शहाणपणाचा सौदा होता असे नाही. पण चौदाव्या पायरीपर्यंत ज्याने मान वर करून दुसऱ्यांना उडताना पाहिले, त्याला हे कोणी समजावून सांगावे?

चार मार्गांतील फरक नीट कळण्यासाठी पॅरागॉन सिटी सोडून नागपूर जिल्ह्यातच यावे हे बरे. भिवापूर नागपूरच्या आग्नेयेस, रस्त्याने साठ-सत्तर किलोमीटरांवर आहे. रस्ता आधी उमरेडला जातो आणि तेथून पूर्वेकडे वळून भिवापूर गाठतो. नागपूर ते नागभीड ही अरुंद रुळांची आगगाडी पुष्कळ वर्षे याच बाजूने कुही, उमरेड, भिवापूर अशी संथपणे जात असे. रूळ रुंद करण्याच्या कामासाठी ती २०१९ मध्ये बंद करण्यात आली. समजा, चार महावीर एकाच वेळी नागपुरातून भिवापूरकडे निघाले.

उडणाऱ्याला रस्त्याचे बंधन नाही. तो उमरेड उजव्या हाताला दूर सोडून, कुही तालुक्यातील शेते ओलांडीत सरळ रेषेत जाईल. त्याची वाट सर्वांत आखूड. परंतु चौघांत त्याचा वेगही सर्वांत कमी, आणि उडत असेपर्यंत त्याचा दम सतत खर्च होत राहणार. लाभ एवढाच, की खाली काय आहे याची त्याला चिंता नाही. वाटेत थांबून, हवेतच तरंगत, तो सावकाश विचारही करू शकतो.

महावेगाने धावणारा सपाट रस्त्यावर उडणाऱ्याला केव्हाच मागे टाकील. शिवाय तो अशा वेगाने जातो, की अगदी जवळून गेल्याखेरीज शत्रूच्या तो ध्यानातही येत नाही. पण त्याला उंच भिंत चढता येत नाही. उमरेडजवळ दगडी कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. अशी खाण आडवी आली की त्याला वळसा घालण्यावाचून गत्यंतर नाही, आणि नकळत काठावरून पाऊल पुढे पडले तर तो तळाशीच जावयाचा. पॅरागॉन सिटीतील गगनचुंबी इमारतींच्या गच्चीवर एखादे काम निघाले, म्हणजे या वेगवान वीराची अशीच केविलवाणी स्थिती होई.

महाउडी घेणारा या दोघांच्या मधला. एका उडीत तो सागाच्या शेंड्यावरून जातो, दुसऱ्या उडीत टेकडी ओलांडतो. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचे रान त्याला अडवू शकणार नाही. मात्र उडी घेण्यापूर्वीच कोठे उतरावयाचे हे त्याने पाहिले पाहिजे. वाघाचे अभयारण्य म्हटल्यावर ही खबरदारी कोणीही घेईल. खर्च थोडा, वेग चांगला आणि अडथळ्यांची भीती कमी, म्हणून हिशेबी खेळाडूंचा ओढा या शक्तीकडे असे.

चौथा अंतर्धान पावणारा. कौशल्य असेल तर तो इतर तिघांच्या पुढे जाईल, कारण तो मधली जागा तुडवीतच नाही. पण एका झेपेत जाण्याला मर्यादा आहे. त्यामुळे झेपेमागून झेप घ्यावी लागते आणि प्रत्येक झेपेस दमाचा मोठा घोट जातो. प्रगट झाल्यावर तो क्षणभर अधांतरी राहतो. तेवढ्यात पुढचे ठिकाण नेमले नाही तर खाली कोसळतो. नवशिक्यांची या मार्गावर फार फजिती होई. म्हणून पुष्कळ जण त्याच्या वाटेला जात नसत.

आणि तरीही या मार्गाच्या उंबरठ्यावर जी लहान शक्ती होती, तिची बरोबरी दुसऱ्या कोणत्याही मार्गातील आरंभीची शक्ती करू शकत नसे. तिचे काम मित्राला आपल्यापाशी बोलावून घेण्याचे. ती सहाव्या पायरीवरच मिळे. तुकडीतील सातजण एखाद्या कठीण स्थळी पोहोचले आहेत आणि आठवा, अजून चौदावी पायरी न गाठलेला, शत्रूंनी भरलेल्या गल्लीबोळांतून जीव मुठीत धरून पायी येत आहे, असा प्रसंग नेहमीचाच. अशा वेळी ज्याच्याजवळ ही शक्ती असे तो पुढे होई, आणि दूरचा सोबती क्षणात त्याच्याशेजारी उभा राही. लढाईत कोणी पडला, तरी त्याला शत्रूंच्या गराड्यातून याच उपायाने ओढून आणीत. या शक्तीने तिच्या धन्याला स्वतःला एक पाऊलही पुढे जाता येत नसे. चोविसांतील एक जागा त्याने संपूर्णपणे दुसऱ्यासाठी वेचलेली असे. उडणाऱ्याकडे सर्वांच्या माना वळत, हे खरे. परंतु तुकडी जमविताना हाक प्रथम या माणसाला जाई.

निवड चुकली तर काय, असा प्रश्न येथे सहज उद्भवतो. खेळ नवा असताना घेतलेली शक्ती परत करता येत नसे. नव्याने वीर घडविणे हाच उपाय होता. लवकरच त्यात सुधारणा झाली. सोबत्यांसह एक अवघड कामगिरी तडीस नेली, म्हणजे आपली घडण पुन्हा पहिल्यापासून मांडण्याची संधी मिळू लागली. ही संधीसुद्धा एकट्याने मिळविण्यासारखी नव्हती.

शक्तींइतकाच वेळ खेळाडू पोशाखावर घालवीत. मुकुट, कंचुक, पादत्राणे, रंग यांची इतकी विविधता होती, की एकासारखा दुसरा वीर क्वचितच दिसे. पोशाखाने बळ मात्र तिळभरही वाढत नसे. मळक्या कपड्यांतला वीर आणि सोन्याच्या कवचातला वीर यांची शक्ती सारखीच. याच पोशाखांवरून एक मोठा तंटा उत्पन्न झाला. हल्क व वुल्व्हरीन या चित्रकथांतील प्रसिद्ध वीरांसारखे वीर या खेळात बनविता येतात, असा आक्षेप घेऊन मार्व्हल या प्रकाशनसंस्थेने नोव्हेंबर २००४ मध्ये न्यायालयात दावा लावला. मौज अशी, की पुरावा म्हणून दाखविलेल्या चित्रांपैकी काही मार्व्हलच्याच माणसांनी खेळात शिरून तयार केली होती! मार्च २००५ मध्ये न्यायालयाने दाव्यातील काही भाग फेटाळला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात प्रकरण तडजोडीने मिटले. पोशाख रचण्याची सोय पूर्ववत राहिली. नक्कल करणारे खेळाडू होते, हे नाकारता येत नाही. पण स्वतःच्या कल्पनेने चोवीस शक्तींचा मेळ घालण्याची मुभा असताना दुसऱ्याचा हिरवा राक्षस उसना घेणाऱ्यास, खेळातील अर्धी गोडी कळलीच नाही असे म्हणावे लागेल.

हा खेळ पाहून दुसरेही खेळ निघाले. क्रिप्टिकनेच २००९ मध्ये 'चॅम्पियन्स ऑनलाइन' काढला. पहिल्या खेळात जी मोकळीक सोडून द्यावी लागली होती, ती येथे पुन्हा देऊन पाहिली. संचाराची शक्तीही अगदी आरंभीच्या टप्प्यात हाती दिली. २०११ मधील 'डीसी युनिव्हर्स ऑनलाइन' या खेळात तर वीर घडवितानाच उड्डाण, वेग आणि कसरत यांतून एक निवडावयास सांगत. 'सिटी ऑफ हीरोज'नेही पुढे आपला नियम सैल केला आणि चौदाव्या पायरीपर्यंतची ती पायपीट संपली. जुन्या खेळाडूंना याचे थोडे वाईट वाटले असल्यास नवल नाही.

मग एक अनपेक्षित गोष्ट घडली. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी एनसीसॉफ्टने खेळ बंद करण्याचे जाहीर केले. मातीचा किंवा लाकडाचा खेळ विकणाऱ्याने दुकान बंद केले, तरी घरातले खेळणे घरातच राहते. येथे तसे नव्हते. नगरी कंपनीच्या यंत्रांवर उभी होती. यंत्रे थांबली की नगरी गेली आणि तीत आठ वर्षे जपलेले वीरही गेले. खेळाडूंनी विनवण्या केल्या, पत्रे लिहिली. हाती मशाली घेतलेले वीर अ‍ॅटलासच्या पुतळ्याभोवती दाटीने जमले. ज्यांनी एकमेकांचा चेहरा प्रत्यक्षात कधी पाहिला नव्हता, ते तेथे एकमेकांचा निरोप घेत होते. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी खेळ बंद झाला.

सहा वर्षांहून अधिक काळ नगरी अंधारात होती. परंतु काही हौशी मंडळींनी तिची प्रत गुप्तपणे चालू ठेवली होती, असे २०१९ मध्ये उघडकीस आले. तेव्हापासून ती पुन्हा सर्वांसाठी खुली झाली. जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टने 'होमकमिंग' या खेळाडूंच्याच मंडळास ती चालविण्याचा रीतसर परवाना दिला. जुने खेळाडू परतले, पण त्यांचे जुने वीर परतले नाहीत. प्रत्येकाला पुन्हा पहिल्या पायरीवरून आरंभ करावा लागला. कित्येकांनी आठवून आठवून तेच नाव, तोच पोशाख आणि त्याच चोवीस शक्ती पुन्हा मांडल्या. काहींनी मात्र या खेपेस निराळा विचार केला, आणि पूर्वी उडणारे कित्येक जण आता मित्रांना बोलावून घेणारे झाले.

अभ्यास

१. पांडवांनी अज्ञातवासात घेतलेली रूपे सांगून, प्रत्येकाने तेच रूप का निवडले असावे याचा विचार करा.
२. चोवीस शक्ती आणि सदुसष्ट जादा खण यांचा हिशेब आपल्या शब्दांत मांडा.
३. नागपूर जिल्ह्याच्या नकाशावर नागपूरहून भिवापूरला जाणारा रस्ता आणि उडणाऱ्या वीराची सरळ वाट दाखवा. कोणत्या वाटेवर कोणती गावे लागतात ते लिहा.
४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : त्रेधा उडणे, जीव मुठीत धरणे, खर्ची पडणे, गत्यंतर नसणे.